सहा दिवसांची परीक्षा : एन्ड्युरो शर्यतीचा इतिहास आणि आपला पट्टा

आज सभागृहात निम्मे लोक चाकण-भोसरीचे दिसतायत, काही जण तर थेट पहिली पाळी संपवून आलेत. म्हणून सुरुवात तुमच्या ओळखीच्या शब्दापासून करतो. 2025 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे बाजारात एक मोटारसायकल आली, केटीएम 390 एन्ड्युरो आर. ती तयार होते चाकणला. म्हणजे हा 'एन्ड्युरो' शब्द आपल्या पट्ट्यात रोज गाडीवर चिकटून बाहेर पडतो. पण एन्ड्युरो म्हणजे काय असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतात, "ती ऑफ-रोडची उंच गाडी." गाडी नंतरची हो. आधी ती एक परीक्षा होती, आणि परीक्षा जितकी माणसाची तितकीच कारखान्याची.

1913 साली इंग्लंडमध्ये कार्लाईल या गावी पहिली 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' झाली. सहा दिवस, मोटारसायकली, आणि रस्ते म्हणाल तर शेतवाटा, डोंगरवाटा, चिखल. मुख्य करंडकाचा नियम फार बोलका होता. देशाच्या संघाने आपल्याच देशात बनलेल्या गाड्यांवर यायचं. अनेक दशकं हा नियम टिकला. म्हणजे स्वार घसरला तर स्वाराची नाचक्की, पण फ्रेम तुटली तर देशातल्या कारखान्याची नाचक्की. रात्री गाड्या कुलूपबंद आवारात ठेवायच्या, तिथे हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती स्वाराने स्वतः, ठरलेल्या वेळात, जवळच्या हत्यारांनी. मेकॅनिकने लांबून सांगावं, पान्याला हात लावू नये. आपल्याकडच्या टूलरूममधल्या जुन्या माणसांना ही शर्यत दाखवली असती तर त्यांना ती क्रिकेटपेक्षा लवकर कळली असती, असं मला नेहमी वाटतं.

या शर्यतीच्या इतिहासात 1939 चा ऑगस्ट विसरता येत नाही. त्या वर्षी ती झाली ऑस्ट्रियात, साल्झबर्गला. ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीने गिळलेला होता. ब्रिटिश संघात लष्करातले स्वारही होते. शर्यत चालू असतानाच युद्धाची लक्षणं इतकी स्पष्ट झाली की ब्रिटिश संघ शर्यत अर्धी सोडून सीमेकडे निघाला. पुढच्याच आठवड्यात पोलंडवर हल्ला झाला. साल्झबर्गपासून फार लांब नाही असं माटिगहोफेन नावाचं गाव आहे, आणि तिथे 1934 साली एक दुरुस्तीचं वर्कशॉप निघालं होतं. तेच पुढे केटीएम झालं. या जातीच्या शर्यतींत दबदबा निर्माण केलेली कंपनी ती हीच.

1964 मध्ये ही शर्यत पूर्व जर्मनीत झाली, आणि अमेरिकन संघातून नट स्टीव्ह मॅक्क्वीन उतरला होता. पडला आणि बाद झाला. हे आपलं जाता जाता. 1981 पासून नावातला 'ट्रायल' गेला आणि 'एन्ड्युरो' आला.

आता सायकलीकडे येतो, कारण आजचा खरा विषय तो आहे. 21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडल्या. उतार साधारण तीन-साडेतीन किलोमीटरचा, घड्याळ लावून. मागे पेडल दाबलं की लागणारा हबमधला ब्रेक त्या उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडून परत ग्रीस भरायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. माउंटन बाइकिंगचा उगम बहुतेक जण तिथे धरतात. सायकली भंगारातल्या होत्या हे लक्षात ठेवा. महागडी सायकल नंतर आली.

पुढे या खेळाच्या दोन वाटा झाल्या. एकात चढ-उतार सगळा वेळ मोजायचा, दुसऱ्यात फक्त उतार, आणि वर जायला गाडी किंवा रोपवे. मधला माणूस, म्हणजे जो स्वतः चढतो आणि मग मन लावून उतरतो, तो कुठेच बसेना. त्याच्यासाठी मोटारसायकलचं जुनं सूत्र उचललं गेलं. दिवसभराच्या वाटेत चार-सहा 'स्पेशल स्टेज' असतात, तेवढ्याच मोजायच्या, आणि त्या मुख्यतः उताराच्या. मधला चढ आपल्या पायांनी चढायचा, पण त्याचे सेकंद धरायचे नाहीत. फक्त पुढच्या स्टेजच्या तोंडाशी वेळेत हजर राहायचं. 2009 मध्ये ट्रान्स-प्रोव्हान्स सुरू झाली. सहा दिवस, आल्प्सपासून भूमध्य समुद्रापर्यंत, आणि वाट आधी बघायला मिळायची नाही. 2013 ला इटलीत पुंता आला इथे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजची पहिली फेरी झाली. 2023 पासून तिचा वर्ल्ड कप झाला.

आता जरा आपल्याकडची मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवा. जुन्या हमरस्त्याने, म्हणजे आपल्या निगडी-चिंचवडवरून जाणारी. तिथे मान कोणाला? घाटाच्या राजाला. बोरघाट जो आधी चढला तो राजा. आपली सगळी सायकलची संस्कृती चढाची आहे. कष्ट दिसतात, घाम दिसतो, लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. एन्ड्युरो म्हणते, चढ चढलास ना, बरं, तो तुझा तू. आता उतरून दाखव. आपल्या माणसाला हे पटकन पचत नाही. उतारात कसलं आलंय कौशल्य, सायकल आपोआप खाली येते, असं वाटतं.

तर जरा राजमाचीच्या बाजूचा, नाहीतर लोहगड-विसापूरकडचा उतार डोळ्यांसमोर आणा. वर मुरूम, मग घसारा, मग अचानक कातळाची पायरी. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ, डिसेंबरात त्याच जागी गोट्यांसारखे सुटे खडे. पहिल्या दिवशी हे सगळं मजेचं असतं. बहुदिवसीय शर्यत खरी सुरू होते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा ब्रेक धरून धरून बोटं मिटत नाहीत. तिसऱ्या दिवशी चूक पाय करत नाहीत, डोळे करतात. थकलेला माणूस पुढच्या चाकासमोर बघायला लागतो, आणि वळण लांबून बघायचं असतं. त्यात चेन तुटली, टायर कडेला फाटला, तर पाठीवरच्या पिशवीत जे असेल त्यावर भागवायचं. पकड, जोडकडी, दोन झिप टाय. म्हणून अनुभवी माणूस तिथे थोडं हळू जातो. एका स्टेजमध्ये दहा सेकंद गमावणं परवडतं, सायकल गमावणं नाही. 1913 चीच परीक्षा ही, फक्त इंजिन काढून टाकलेलं.

भारतात अनेक दिवसांची माउंटन बाइक शर्यत रुजली ती हिमाचलात, 2005 पासूनच्या एमटीबी हिमालयामुळे. तिथे मात्र चढही मोजतात, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर ती एन्ड्युरो नव्हे. आपल्याकडे पुण्याच्या नॅशनल एज्युकेशन फाउंडेशनने 'एन्ड्युरो-3' चालवली, तीन-तीन जणांचे संघ, सह्याद्रीत सायकल, पायपीट, दोर, पाणी. नाव एन्ड्युरो, पण जात साहसी शर्यतीची. म्हणजे गंमत बघा. शब्द इथे आहे, डोंगर इथे आहे, चाकणला कारखाना आहे, आणि नेमकी ती शर्यत तेवढी इथे रुजलेली नाही.

का? मला दोन कारणं दिसतात. पहिलं कामाचं. 2007 मध्ये बजाजने आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन थांबवलं, आणि त्याच वर्षी केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. दोन्ही बातम्या आम्ही वेगवेगळ्या पानांवर वाचल्या, पण त्या एकाच गोष्टीच्या आहेत. कायम कामगाराची वसाहत, तिची क्रीडामंडळं, कंपनीची स्पर्धा, खेळासाठी मिळणारी रजा, हे जग मागे पडलं. नव्या पट्ट्यात कंत्राटी पोरगा सलग पाच दिवस सुट्टी मागेल तर सहाव्या दिवशी गेटवर त्याचा पास चालेल का, हा प्रश्न आहे. जो हात ती गाडी जोडतो त्याला त्या नावाची शर्यत खेळायला सवड नाही. मला हे खटकतं.

दुसरं कारण वाटेचं. 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, पाच दिवस, 437 किलोमीटर. तिच्यासाठी रस्ते नवे झाले, कारण रस्त्याला खातं असतं. पायवाटेला खातं नसतं. तिला मालक मात्र पुष्कळ असतात. वनविभाग, गावकी, गुराखी, देवस्थान. आणि आपल्या भागात हे हलक्याने घ्यायचं नाही. 2008 मध्ये शिंदे-वासुलीला डाऊच्या संशोधन केंद्राविरुद्ध गावकरी आणि वारकरी उभे राहिले, प्रकल्प शेवटी गेला. ते गाव भामचंद्र डोंगराच्या परिसरातलं आहे, आणि भामचंद्र, भंडारा हे तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर. तिथे उद्या कोणी झेंडे लावून टाइमिंगची चिप घेऊन आला तर लोक विचारणारच, आणि त्यांनी विचारावंच. माझं मत स्पष्ट आहे, ते दोन डोंगर शर्यतीतून वगळावेत. मावळात इतर वाटा कमी नाहीत. अंदर मावळात कुसूर घाटासारख्या बैलांच्या जुन्या वाटा आहेत, त्यांवर आज झाडी माजतेय. तिथल्या गावांना विचारून, पावसाळा संपल्यावर, गुरांच्या वेळा सांभाळून चार दिवसांची शर्यत बसवता येईल. पण वाट साफ करायला दोन महिने आधी जावं लागेल, कोयता घेऊन, आणि तेव्हा तिथे कोणी फोटो काढणारा नसेल.

एक प्रश्न कायम येतो म्हणून आधीच सांगतो. केटीएमची सायकल आणि केटीएमची मोटारसायकल एकाच कंपनीची नाही. नव्वदीच्या सुरुवातीला मूळ कंपनी बुडाली, तुकडे झाले, सायकल वेगळी झाली. नाव आणि गाव तेवढं एक राहिलं. तेव्हा चाकणमध्ये कोणी सायकलवर सवलत मिळवून देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका.

बाकीचे प्रश्न घेऊ या. मागे हात वर दिसतोय, माइक तिकडे द्या जरा.