टोनच्या बटणाची कुळकथा

व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात काचनळीच्या आधारे आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘टोन’ असे लिहिलेले जे बटण असते, त्याच्यामागे मुख्यतः दोनच प्रकारचे सुटे भाग असतात: सर्व स्वरांना सारखाच विरोध करणारा रेझिस्टन्स, आणि स्वर जितका उंच तितकी त्याला वाट अधिक मोकळी करून देणारा कंडेन्सर. या दोहोंच्या जोडणीतून खर्ज आणि तार वेगळे काढता येतात. मात्र अशी जोडणी स्वतः कोणताही स्वर वाढवू शकत नाही, ती फक्त नको तो भाग कमी करते आणि उरलेला भाग तुलनेने ठळक वाटू लागतो. त्यामुळे या बटणाचा इतिहास म्हणजे आवाजातून काय वगळावे, हे वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी माणसांनी कसे ठरवले, त्याचा इतिहास होय.

त्याचा उगम संगीताच्या आवडीनिवडीपेक्षा एका तांत्रिक अडचणीत अधिक आहे. फिलिप्सच्या आइंडहोव्हन येथील प्रयोगशाळेत बर्नार्ड टेलेगेन यांनी 1926 साली पेंटोड हा पाच विद्युतध्रुवांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला, आणि थोडक्या खर्चात मोठा आवाज देणारा म्हणून तो रेडिओच्या अखेरच्या टप्प्यावर रूढ झाला. परंतु स्पीकरचा विरोध उंच स्वरांना वाढत जातो आणि पेंटोड तो विरोध वाढला तरी आपला प्रवाह फारसा कमी करत नाही. परिणामी उंच स्वर प्रमाणाबाहेर जाऊन आवाज कर्कश होई. यावर उपाय म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना एक कंडेन्सर आणि एक रेझिस्टन्स ओळीने जोडण्याची पद्धत पडली, आणि त्यातील रेझिस्टन्स फिरवून कमीजास्त करता येईल असा बसवला गेला तेव्हा दुरुस्तीची ती युक्ती श्रोत्याच्या हातातले बटण झाली.

परभणीसारख्या जिल्ह्यात या बटणाला जे काम पडले ते भूगोलाने नेमून दिलेले होते. सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचे रेडिओ केंद्र येथून सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे आणि मुंबईचे सुमारे चारशे किलोमीटर दूर. मध्यम लहरींचे इतक्या दूरचे प्रक्षेपण मुख्यतः रात्री, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन येते, आणि त्याच्यासोबत विजांची खरखरही येते, जी पावसाळ्याच्या तोंडावर असह्य होते. खरखरीचा बोचरा भाग उंच स्वरांत असल्यामुळे टोनचे बटण खर्जाकडे वळवणे हाच घरगुती इलाज होता, मग गायकाच्या आवाजातली धार थोडी गेली तरी चाले. पुढे परभणीला आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र झाल्यावर जवळच्या सशक्त लहरीसाठी ही तडजोड करण्याचे कारण उरले नाही.

सभामंडपात मात्र तेच बटण नेमके उलट दिशेने वळत असे, आणि या कुळकथेतला हा भाग सर्वांत कमी नोंदला गेलेला असला तरी सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. कीर्तन, जाहीर सभा किंवा परभणीत फेब्रुवारीत भरणारा हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस, अशा प्रसंगी लावला जाणारा भोंगा साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, खालचा स्वर नीट उमटवूच शकत नाही. उलट त्या खर्जाने भोंग्यामागच्या युनिटमधला नाजूक पडदा फाटण्याचा धोका असतो. याउलट ‘त’ आणि ‘ट’, ‘स’ आणि ‘श’ हे वेगळे ऐकू येण्यासाठी दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा शाबूत लागतो. म्हणून जाणता लाउडस्पीकरवाला खर्ज उतरवून ठेवत असे आणि माईक शिट्टी मारू लागणार नाही इतपतच तार चढवत असे. मंडपाच्या टोकाला बसलेल्या बाईला कीर्तनकाराचा शब्द कळावा, ही त्यामागची निकड होती, आणि ध्वनितंत्राच्या इतिहासात तिला संगीताच्या सौंदर्यविचाराइतकेच स्थान मिळायला हवे.

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे कूळही रेडिओ-दुरुस्तीच्याच दुकानात सापडते. लिओ फेंडर यांचे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते, आणि त्यांच्या आरंभीच्या अ‍ॅम्प्लिफायरांवरचे एकटे टोनचे बटण रेडिओच्या वळणाचेच होते. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या ‘बासमन’ या नमुन्यात तार, मध्य आणि खर्ज यांसाठी तीन वेगवेगळी बटणे असलेले जे मंडल, म्हणजे सुट्या भागांची जोडणी, आले, त्याचीच जवळजवळ नक्कल करून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या कारागिरांनी 1962-63च्या सुमारास आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. दरम्यान ब्रिटनमध्ये पीटर बॅक्सँडल यांनी 1952 साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात वेगळी वाट दाखवली होती: व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेल्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि कंडेन्सर त्या परतीच्या वाटेवर बसवायचे, म्हणजे खर्ज किंवा तार खरोखर वाढवता येतो आणि बटण मध्यावर असताना आवाज जसाच्या तसा राहतो.

गिटारवादकांनी ही अधिक शुद्ध रचना सहसा स्वीकारली नाही. फेंडरच्या मंडलात तिन्ही बटणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि मधल्या स्वरांत एक खळगा कायम राहतो. पण तो खळगाच वाद्याचा स्वभाव ठरला. त्याची खोली मुख्यतः एका रेझिस्टन्सवर ठरते. ‘बासमन’मध्ये तो 56 किलोओहम होता आणि तार स्वरांसाठीचा कंडेन्सर 250 पिकोफॅरडचा, मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरांत पुढे ते 33 किलोओहम आणि 500 पिकोफॅरड झाले, त्यामुळे खळगा उथळ झाला, मधला स्वर पुढे आला आणि तारच्या बटणाचा अंमल खालच्या स्वरांपासून सुरू होऊ लागला. याचे स्थूल गणित सोपे आहे: 250 पिकोफॅरड आणि 250 किलोओहमची जोडी सुमारे 2,550 हर्ट्झपासून वरच्या स्वरांना वाट देते, आणि कंडेन्सर दुप्पट केला की ती सीमा निम्म्यावर येते, शेजारच्या भागांमुळे प्रत्यक्षातला आकडा सरकतो, पण सरकण्याची दिशा चुकत नाही.

हे गणित जिल्ह्याच्या गावच्या रेडिओ मेकॅनिकलाही वेगळे नव्हते, जरी त्याच्यापुढे गिटार क्वचितच येत असे. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात मेण लावलेले कागदी कंडेन्सर गळके होतात आणि जुन्या कार्बन रेझिस्टन्सचा विरोध हळूहळू वाढतो, म्हणजे बटणाला कोणी हात न लावताही टोन बदलतो. नेमक्या किमतीचा कंडेन्सर मिळाला नाही तर दोन लहान कंडेन्सर समांतर जोडून बेरीज साधता येते, आणि ओळीने जोडले तर दोघांहून लहान किंमत मिळते. या कामात पहिला नियम मात्र गणिताचा नाही: व्हॉल्व्हच्या संचात अडीचशे ते चारशे व्होल्ट खेळतात आणि वीज बंद केल्यावरही पुरवठ्याच्या मोठ्या कंडेन्सरांत प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो, म्हणून तो रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरने तपासून मगच आत हात घालायचा असतो.

ट्रान्झिस्टर आणि पुढे आयसी आल्यावर मंडपातले व्हॉल्व्ह गेले, तरी आजच्या मिक्सरवरील बेस आणि ट्रेबल ही बटणे बहुतांशी बॅक्सँडल यांच्याच रचनेची असतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरांत मात्र व्हॉल्व्ह अद्याप टिकून आहेत आणि त्यांच्यासोबत फेंडरचे ते गुंतलेले मंडलही.