अवजड डिझेल इंजिन : टर्बोच्या अॅक्चुएटरचे कॅलिब्रेशन

चढावर ट्रकने दम सोडणे, एक्झॉस्ट पाइपमधून काळा धूर येणे आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेकने साथ न देणे, या तक्रारी एकत्र आल्या की अनेकदा दोष संपूर्ण टर्बोचार्जरच्या माथी मारला जातो व तो बदलण्याचा महागडा निर्णय होतो. प्रत्यक्षात दोष त्याला जोडलेल्या छोट्या अॅक्चुएटरमध्ये किंवा त्याच्या चुकलेल्या कॅलिब्रेशनमध्ये असू शकतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर अवजड वाहनांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढली. त्यामुळे हा विषय वाहनमालकांनीही समजून घेण्याजोगा आहे.

टर्बोचार्जरची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूवर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो. साध्या टर्बोची अडचण अशी, की इंजिनाचा वेग कमी असताना वायू अपुरा पडतो आणि वेग वाढला की तो गरजेपेक्षा अधिक होतो. बदलत्या भूमितीच्या टर्बोमध्ये टर्बाइनकडे जाणारी वाटच लहान-मोठी करता येते. नळीच्या तोंडावर बोट दाबले की पाण्याची धार जोरात उडते, तसाच हा प्रकार. काही टर्बोंमध्ये पाती वळतात. ‘कमिन्स’च्या अवजड इंजिनांवरील ‘होलसेट’ टर्बोमध्ये मात्र पात्यांसह एक नोझल रिंग पुढेमागे सरकते.

अॅक्चुएटरचे काम

ही रिंग सरकवण्याचे काम अॅक्चुएटर करतो. त्यात विजेची मोटर, दातेरी चाके, स्थिती ओळखणारा सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्याचे पिनियन टर्बोवरील सेक्टर गिअरमध्ये अडकते. टर्बोलगतच्या तीव्र उष्णतेपासून बचावासाठी त्यातून इंजिनाचे कूलंट फिरवले जाते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएम, वाट किती टक्के बंद ठेवायची याची आज्ञा देतो. वेग कमी असताना वाट अरुंद केली की पिकअप मिळतो. तीच अरुंद वाट मागे दाब निर्माण करून ईजीआर व्यवस्थेला आणि एक्झॉस्ट ब्रेकलाही मदत करते.

कॅलिब्रेशन म्हणजे अॅक्चुएटरला ‘पूर्ण उघडे’ व ‘पूर्ण बंद’ ही दोन टोके नेमकी कुठे आहेत, हे शिकवणे. प्रत्येक टर्बोच्या भागांत किंचित फरक असतो. म्हणून नवा अॅक्चुएटर बसवल्यावर किंवा टर्बो बदलल्यावर ही प्रक्रिया टाळता येत नाही.

क्रम महत्त्वाचा

प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे लागते, कारण कूलंटच्या नळ्या सोडायच्या असतात. जुना अॅक्चुएटर काढल्यावर सेक्टर गिअर हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळेपणाने फिरतो का, हे पाहणे ही सर्वांत महत्त्वाची तपासणी होय. तो अडकत असेल तर काजळीने रिंग जाम झाल्याची शक्यता असते. अशा वेळी नवा अॅक्चुएटर बसवून उपयोग नाही. तोही जादा भाराने लवकरच निकामी होऊ शकतो. पान्याने जोर लावून गिअर फिरवणे तर टाळलेलेच बरे.

गिअर मोकळा असल्यास निर्मात्याच्या सॉफ्टवेअरद्वारे नवा अॅक्चुएटर ‘बसवण्याच्या स्थिती’त आणला जातो. ‘कमिन्स’साठी हे सॉफ्टवेअर ‘इनसाइट’ होय. सेक्टर गिअरही ठरलेल्या जागी ठेवून दोघांचे दाते जुळवले जातात. एका दात्याचा फरकही पुढचे सारे गणित बिघडवतो. बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळायचे असतात.

त्यानंतर इंजिन बंद व चावी चालू ठेवून कॅलिब्रेशनची आज्ञा दिली जाते. अॅक्चुएटर रिंगला दोन्ही टोकांपर्यंत नेतो, त्यातील अंतर मोजतो आणि ते मर्यादेत असेल तरच नोंदवतो. अंतर कमी भरले तर मार्गात अडथळा आहे. जास्त भरले तर दाते चुकले आहेत किंवा आतील भाग झिजला अथवा तुटला आहे, असा संशय घ्यावा. प्रक्रिया फसली की ती पुन:पुन्हा करून पाहण्यापेक्षा कारण शोधणे श्रेयस्कर. बॅटरीचा व्होल्टेज अपुरा असणे हेही एक साधे कारण असू शकते.

शेवटी कूलंट भरून गळती तपासली जाते, दोषसंकेत पुसले जातात आणि इंजिन सुरू करून आज्ञा व प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ पाहिला जातो. हा मेळ बसला नाही आणि भर वेगात वाट अरुंदच राहिली, तर टर्बाइन मर्यादेबाहेर फिरून टर्बो खरोखरच निकामी होऊ शकतो. उलट वाट उघडी राहिल्यास घाटाच्या उतारावर सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. म्हणूनच टर्बो बदलण्याचे अंदाजपत्रक हाती पडल्यावर वाहनमालकाने आधी दोन प्रश्न विचारावेत : सेक्टर गिअर हाताने फिरवून पाहिला का, आणि कॅलिब्रेशन कोणत्या कारणाने फसले?