आमच्या स्वयंपाकघरात काय काय नव्हतं

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही कदाचित तिथे गेला असाल आणि मस्तानी महाल पाहून बाहेर आला असाल. पुन्हा जाल तेव्हा दिव्यांच्या, अडकित्त्यांच्या आणि स्वयंपाकाच्या भांड्यांच्या कपाटांपुढे जरा जास्त वेळ थांबा. दिनकर केळकरांनी साधारण १९२०पासून या वस्तू जमवल्या. ते ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं. १९६२मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५मध्ये त्यांनी ते राज्य सरकारच्या हवाली केलं. आज तिथे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. त्यातल्या कितीतरी साध्या घरातल्या, रोजच्या वापरातल्या. ज्याला आपण अडगळ म्हणतो, त्यात त्यांना इतिहास दिसला.

यंदा आम्ही मांजरी बुद्रुकच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर स्वतः नवं करायला घेतलं, तेव्हा हे संग्रहालय सारखं आठवत होतं. कंत्राटदाराचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले होते. मग भाऊ आणि मी मिळून ठरवलं की पुट्टी, रंग, फळ्या आणि नळाची तोटी आपणच करायची. फक्त गॅसच्या पाइपला हात लावायचा नाही. पण भिंत घासायच्या आधी खोली रिकामी करावी लागते, आणि खोली रिकामी करायची म्हणजे आधी माळा उतरवावा लागतो.

माळ्यावरून निघालं ते असं: तांब्याचे दोन हंडे, पितळी कळशी, घंगाळ, जात्याची वरची तळी, पाटा-वरवंटा, पंपाचा स्टोव्ह, पत्र्याच्या चार कोठ्या, आणि स्टीलचे इतके डबे की अंगण भरलं. आजी खुर्ची टाकून बसली आणि एकेका वस्तूवर निकाल देऊ लागली. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं की ही आमच्याकडे काय होतं याची यादी नाही. आमच्याकडे काय नव्हतं, याची आहे.

नळ नव्हता, गिरणी नव्हती

हंडा घरात असतो कारण नळ नसतो. मांजरीच्या बाबतीत हे जरा बोचणारं आहे. खडकवासला धरण १८७९मध्ये पूर्ण झालं आणि मुठेच्या कालव्यानं हडपसर-मांजरीचा पट्टा बागायती केला. इथला ऊस त्याच पाण्यावरचा. म्हणजे शेतात पाणी आलं ते आजीच्या सासूच्याही जन्माआधी. घरात मात्र ते पुढची कितीतरी वर्षं बायकांच्या डोक्यावरूनच आलं. आजी लग्न होऊन आली तेव्हा दिवसाला आठ खेपा होत्या. “ऊस बरा, त्याला पाट होता,” असं ती अजून म्हणते.

जातं म्हणजे गिरणी नव्हती. पाटा-वरवंटा म्हणजे मिक्सर नव्हता. घरोघरी मिक्सर दिसू लागले ते सुमीतसारख्या कंपन्या १९६०च्या दशकात उतरल्यावर, आणि आमच्याकडे तर त्याच्याही वीसेक वर्षांनी. कोठ्यांचं उत्तर मला येत नव्हतं. चार माणसांच्या घराला एवढं धान्य कशाला? आजी म्हणाली, “बहात्तर बघितलं नाहीस तू.” १९७२च्या दुष्काळात राज्यभर लोक खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेले. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामावर सुकडी. आमच्या पट्ट्यात कालवा होता, म्हणून तेवढी झळ लागली नाही. पण आजीचं माहेर जिरायती. दुष्काळानंतर तिनं दरवर्षी एक याप्रमाणे चार कोठ्या घेतल्या. पुढे कधीही त्या रिकाम्या राहू दिल्या नाहीत.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लागते, कारण आंबट पदार्थ तांबं खातो. कल्हईवाला दारात भट्टी लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर व्हायचा आणि कथलाचा हात फिरला की आतून चांदीसारखं चकाकायचं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ही भांडी ठोकून घडवली जात. स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईचं कारणच संपलं. जुनं तांबं-पितळ मोडीत निघालं.

मात्र फेकलं काहीच जात नव्हतं. मोड देऊन नवं भांडं यायचं. जुने कपडे बोहारणीला द्यायचे, साडीच्या जरीवरून घासाघीस करायची आणि बदल्यात स्टीलची परात घ्यायची. जपानच्या मारी कोंदोचं घर आवरण्याचं पुस्तक २०११मध्ये आलं. हातात वस्तू धरून ‘हिनं आनंद होतो का’ असं स्वतःला विचारायचं, ही तिची पद्धत. बोहारणीचा प्रश्न जास्त रोखठोक होता: ही वस्तू दिली तर काय मिळेल?

स्टोव्ह

आनंदाचा प्रश्न पंपाच्या स्टोव्हला विचारूनच बघा. १८९२मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी प्रायमस काढला, तेव्हा तो खरोखर क्रांतिकारक होता. धूर नाही, काजळी नाही, पिन मारली की निळी ज्योत. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या बाईला ती सुटकाच वाटली असणार. गॅस मुंबईत बर्मा शेलनं १९५०च्या दशकाच्या मध्यावर आणला, पण पुढची तीस-चाळीस वर्षं सिलिंडरसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. त्या सगळ्या काळात शहरातलं आणि शहराकडे सरकणाऱ्या गावांतलं जेवण रॉकेलवर शिजलं.

याच स्टोव्हनं मराठी वर्तमानपत्रांना एक ठरावीक वाक्यही दिलं: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. १९७० आणि ८०च्या दशकांत महिला संघटनांनी साधा प्रश्न विचारला. स्टोव्ह सगळ्यांच्या घरात आहे, मग भडका नेहमी सुनेच्याच अंगावर कसा उडतो? हुंड्यासाठी होणाऱ्या छळाविरुद्ध देशभर आंदोलनं झाली आणि १९८३मध्ये दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं. आईनं आमचा स्टोव्ह हातात घेतला, पंपाचा दट्ट्या एकदा ओढून पाहिला आणि खाली ठेवला. तिच्या ओळखीतली एक मुलगी अशी गेली होती. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

भांड्यांवरची नावं

मग आम्ही भांडी उजेडात धरून त्यांच्यावरची नावं वाचली. भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून घेण्याची आपली पद्धत म्हणजे घरोघरचं दप्तरच आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, कोण गेलं, कोणी आहेर केला, सगळं त्यात सापडतं. नाव कोरलेली भांडी एकसष्ट निघाली. बहुतेकांवर आजोबांचं, काहींवर पणजोबांचं, माहेरच्या भांड्यांवर आजीच्या वडिलांचं. आयुष्यभर ही भांडी जिनं घासली, तिचं नाव फक्त एका डब्यावर होतं. तो तिनं भिशीच्या पैशांतून घेतला होता, १९८७ साली. तो डबा ठेवायचा की नाही, ही चर्चा झालीच नाही.

ओटा किती उंच

आवरून झाल्यावर खरं काम सुरू झालं. भिंतीला पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. तेलकट टाइल्स आधी सोड्यानं धुवायच्या, नाहीतर रंग धरत नाही. फळी ठोकताना स्क्रूआधी भिंतीत गिट्टी बसवायची. हे सगळं व्हिडिओ बघून शिकता येतं. ओट्याची उंची मात्र व्हिडिओत सापडत नाही.

चूल जमिनीवर होती, बाई पाटावर बसून रांधायची. गॅस आला आणि स्वयंपाक उभा राहिला. तिकडे जर्मनीत १९२६मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी छोटं स्वयंपाकघर आखलं. हाताशी सगळं, पावलं कमीत कमी, रेल्वेच्या डायनिंग कारसारखं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. त्यांच्या आराखड्यात फिरतं स्टूल होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. बसून करण्याची कामं बसूनच व्हावीत, हा विचार त्यात होता. आमच्याकडचा कडाप्प्याचा ओटा १९८४मध्ये गवंड्यानं स्वतःच्या कमरेच्या अंदाजानं बांधला. आजी चार फूट दहा इंच. चाळीस वर्षं ती खांदे उचलून पोळ्या लाटत राहिली आणि खांदेदुखीला वय म्हणत राहिली.

ओटा तोडणं आमच्या हाताबाहेरचं होतं. म्हणून खिडकीखाली सत्तावीस इंचांवर एक रुंद फळी बसवली, खाली गुडघे जातील अशी. जात्याची तळी बाजूला उभी केली, तिच्यावर मिठाचा सट आहे. आता भाजी निवडणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं खुर्चीवर बसून होतं. गंमत म्हणजे तिथे सगळ्यात जास्त बाबा बसतात. उभं राहायला नको म्हटल्यावर त्यांना लसूण सोलता येऊ लागला.

काय दिलं, काय राहिलं

दोन कोठ्या भाच्याच्या गोठ्यात गेल्या. फुटकं काच-प्लास्टिक वेगळं करून कचरावेचक ताईंकडे दिलं. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हापासून हे काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळखपत्र मिळू लागलं. सरसकट पोतं भरून टाकणं मांजरीच्या माणसाला तसंही जड जातं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं ज्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत गेला, तो आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या विहिरींचं काय झालं, हे आमच्या पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना माहीत आहे. आपण ‘टाकून दिलं’ म्हणतो ते कोणाच्या तरी शिवारात जातं.

स्टोव्ह मोडीत गेला. आईनं स्वतः नेऊन दिला आणि वजनाचे पैसे मोजून घेतले.

हंडे घासून दारात ठेवले, त्यात शेवंती लावली आहे. फोटो चांगला येतो. २०२१मध्ये गाव शहरात आलं. उसाच्या जागी इमारती आल्या, आणि नळ आमच्याकडेही आहेच. पण त्याला पाणी दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे सगळं आवरून, रंगवून झाल्यावर दरवाजामागे एक वस्तू तशीच राहिली: दोनशे लिटरचा निळा ड्रम. हलवायचा कुठे, यावर आम्ही दोन दिवस डोकं चालवलं. शेवटी भावानं त्याला भिंतीचाच रंग दिला.