पेलाभर चहा आणि ओंजळभर पाणी

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण फराळाला बसतो. चकलीचे, अनारशांचे यथास्थित कौतुक होते, आणि मग स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "चहा टाकू ना?" या प्रश्नाला कोणी 'नको' म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पण वाचकहो, अशाच पेलाभर चहापायी विद्वानांच्या पुण्यात एके काळी दोन वर्षे धर्माधर्माचा खल चालला होता, हे सांगितले तर आज खरे वाटायचे नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांनाही ते खरे वाटले नाही. मी पडलो शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री. दिवसा इतिहास शिकवतो. पंचहौद मिशनचे चहा प्रकरण मी दरवर्षी मोठ्या हौसेने रंगवून सांगतो.

1890 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. पुण्याच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशन होते. तिथे व्याख्यानाच्या निमित्ताने गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा प्याले, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन खाली ठेवला. हा बेत जुळवून आणणारे गृहस्थ म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव. मोठा अवलिया माणूस! पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि गावात भडका उडाला. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री नेमले गेले. याला म्हणत ग्रामण्य. ग्रामण्य म्हणजे नुसती कुजबुज नव्हे. घरी मुंज निघाली, लग्न निघाले, श्राद्ध आले, की भटजी मिळायचा नाही आणि पंगतीला कोणी बसायचे नाही.

आता या पेचातून कोण कसा वाटा काढतो, ते पाहण्यासारखे आहे. टिळकांनी ग्रंथ उघडले. शास्त्राच्या नावाने आरोप आहे ना, मग शास्त्र काय सांगते ते पाहू, असा त्यांचा बाणा. काशीला आपण प्रायश्चित्त घेतले आहे, असेही त्यांनी सांगितले. पण 'कार्य काय, अकार्य काय' या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नसावी, असे मला आपले वाटते. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात आरंभीच कर्मजिज्ञासेचे प्रकरण आहे. सत्य आणि अहिंसा यांसारखी दोन चांगली तत्त्वेच एकमेकांसमोर उभी ठाकली तर माणसाने काय करावे, याची तिथे कसून चर्चा आहे.

रानड्यांचा मार्ग निराळा. ग्रामण्यात सापडलेल्या स्नेह्यांच्या घरी म्हातारी माणसे होती, लेकीबाळी होत्या. त्यांचा कोंडमारा चालला होता. आपण प्रायश्चित्त घेतले तर या मंडळींचा मार्ग मोकळा होतो, हे पाहून 1892 साली रानड्यांनी ते घेतले. सुधारकांनी त्यांना बोल लावला. खुद्द रमाबाईंनाही हा निर्णय रुचला नव्हता, आणि आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते लपवलेले नाही. एकाने ग्रंथ प्रमाण मानला, दुसऱ्याने आप्तेष्टांचे दुःख प्रमाण मानले, आणि ग्रामण्य करणाऱ्यांनी चालत आलेली रीत प्रमाण मानली. प्रत्येकाला वाटत होते, आपण धर्मच करतो आहोत.

इथवर सांगून मी दरवर्षी खडू खाली ठेवीत असे. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे सगळे भांडण चालले होते तेव्हा फुले कुठे होते?"

प्रश्न साधाच होता. पण इतक्या वर्षांत तो मला पडला नव्हता. जोतीराव त्याच पुण्यात होते, गंज पेठेत, पंचहौदापासून फार दूर नाही. आजारी होते. त्या चहापानानंतर काही आठवड्यांतच, 28 नोव्हेंबर 1890 रोजी, ते वारले. आपला 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. तो पुढच्या वर्षी छापून आला. आणि त्याच्याही किती आधी, 1868 साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यासाठी त्यांनी पोथी चाळली नाही की जातभाईंचा कौल घेतला नाही. तहानलेल्या माणसाकडे पाहिले, एवढेच.

मग माझ्या ध्यानात आले, की ग्रामण्याच्या त्या वादात बाजू पुष्कळ होत्या, पण सगळ्या एकाच ओसरीवरच्या. ज्यांना ओसरीवर पायही ठेवता येत नव्हता, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सदतीस वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून 'शुद्ध' केले. चहाला जो गज लावला होता तोच पाण्याला लावला. फरक एवढाच, की चहा पिणाऱ्यांना प्रायश्चित्ताची वाट तरी मोकळी होती. पाणी पिणाऱ्यांचा दोष त्यांच्या जन्मातच धरलेला; त्याला प्रायश्चित्त कुठले?

त्या दिवशी वर्गात मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. माझ्या लहानपणी आमच्या परसदारच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. सरपण फोडायला एक म्हातारबाबा येत, त्यांच्यासाठी तो. कपात चहा वरून ओतायचा, हे आजीने मला शिकवले होते. आजी प्रेमळ होती. म्हातारबाबांना चहाबरोबर गुळाचा खडा दिल्याशिवाय तिचे समाधान होत नसे. कप मात्र कधी बदलला नाही. चहा पिऊन बाबा तो स्वतःच विसळून कोनाड्यात ठेवीत.

"मग तुम्ही त्यांना घरातला कप का नाही दिला?" त्याच मुलाने विचारले.

"भ्यालो," मी म्हणालो.

"कुणाला? आजीला?"

"आजीला."

मुले हसली नाहीत. खरे सांगायचे तर ज्याला आपण नीती नीती म्हणतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे आपण कोणाला भितो आणि कोणाला दुखवू इच्छीत नाही, याचाच हिशेब असतो. तो हिशेब अगदीच खोटा नसतो. रानड्यांसारख्या थोर माणसालाही तो सुटला नाही. पण त्या वहीत ज्याचे नावच मांडलेले नसते, त्याचे देणे कायमचे राहून जाते. म्हातारबाबा आता नाहीत, आजीही नाही. माझे देणे तसेच आहे.

म्हणून यंदा मी धडा थोडा बदलला आहे. टिळक-रानड्यांविषयीचा माझा आदर तिळमात्र उणावलेला नाही. मात्र मुलांना एवढेच सांगतो, की बरेवाईट ठरवायला बसाल तेव्हा मंडळी कोणकोण जमली आहेत ते आधी मोजा. आणि जो आलेला नाही, त्याला बोलावून आणा. चहा मागाहून टाकता येईल.