जनगणनेच्या जुन्या कागदांत पणजोबा शोधताना: नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही

जातीचा दाखला काढायचा असो की वडिलोपार्जित जमिनीचा वाद, कुणी पणजोबांचा पुरावा शोधायला निघाले की हमखास सल्ला मिळतो, "1881 ची जनगणना बघा." सल्ला बिनकामाचा आहे. त्या जनगणनेचे छापील खंड मिळतात, पण त्यात आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 प्रमाणे घरोघरच्या नोंदी कुणाला पाहताही येत नाहीत.

नावानिशी हाती लागू शकतो तो कागद 1951 चा. त्या वर्षीच्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव, घरवार नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर लिहिले गेले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीने तपासलेल्या कागदांतही ते होते. सगळ्या गावांची रजिस्टरं मात्र उरलेली नाहीत. गोव्यात तर ते शोधूच नये. 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होते.

आधी 1951 मध्ये गाव कुठे होते ते पाहावे. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात, बिदर आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. चुकीच्या कचेरीत सहा महिने हेलपाटे घालणारे पुष्कळ भेटतात.

खरी अडचण नोंद सापडल्यावर सुरू होते. समजा, "कृष्णा बिन रामा, वय 40" असे मिळाले. (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, निजामी कागदांत वलद, बायकांच्या नावापुढे कोम.) आडनाव बहुतेक वेळा नसतेच. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे रामाचा कृष्णा, कृष्णाचा रामा, पुन्हा रामाचा कृष्णा! शिवाय दोन चुलत भावांची नावेही एकच असू शकतात. वयाचा भरवसा नाही. 30, 40, 50 असे अंदाजाने सांगितलेले असते. तेव्हा चाळीसचा माणूस 1906 ते 1916 मधला कुठलाही धरावा.

म्हणून एकट्या नावावर न थांबता अख्खे घर वाचायचे: बायको, मुलांचा क्रम, सोबत राहणारी म्हातारी आई. मग मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात पाहायचे. 1951 ला बारा वर्षांचा दाखवलेला मुलगा 1945-46 च्या सुमारास पहिलीत दिसायला हवा. सगळ्यात भक्कम दुवा वारसाच्या फेरफाराचा. खातेदार मेल्यावर त्याची मुले, विधवा यांची नावे एकाच नोंदीत येतात, म्हणजे दोन पिढ्या एका कागदावर. जन्म-मृत्यूचे गाव नमुना 14 मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. हैदराबादच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण कळतो.

बायकोचे नाव जुळले नाही म्हणून नोंद लगेच टाकून देऊ नये. लग्नात नाव बदलायची रीत होती. माहेरच्या कागदात सोनाबाई असलेली सासरी लक्ष्मीबाई असते. पण मुलांचा क्रम आणि फेरफारातले वारस दोन्ही जुळत नसतील, तर तो कृष्णा दुसऱ्याच घरचा.