शरीशची वेल आणि शरीशचा घोडा

मदरशात अरबी साहित्य शिकलेल्या माणसाला 'शरीशी' हे नाव नवे नसते. 'मकामाते हरीरी' या ग्रंथावर ज्यांची मोठी शरह आहे ते हे अबुल अब्बास अहमद अश्-शरीशी. इ.स. १२२२ मध्ये त्यांचे निधन झाले. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे मौलाना त्यांचे नाव मोठ्या अदबीने घेतात. इंग्रजी कादंबऱ्यांतून वाचनात येणारी 'शेरी' नावाची दारू आणि हे शरीशी एकाच गावचे आहेत, असे आम्ही मौलानांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गावाचा काय कसूर, जनाब?"

खरेच आहे. गावाचा काही कसूर नव्हता. दक्षिण स्पेनमधले आजचे हेरेझ दे ला फ्रोन्तेरा म्हणजे अरबांचे शरीश. इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी शरीशचे 'शेरिस' झाले, शेवटचा 'स' अनेकवचनाचा समजून त्यांनी तो गाळला आणि 'शेरी' उरले. इद्रीसीने बाराव्या शतकात काढलेल्या जगाच्या नकाशात हे गाव आहे. १९६७ साली 'शेरी' या नावावरून लंडनच्या न्यायालयात खटला चालला. त्यात हेरेझच्या बाजूने हाच नकाशा पुढे करण्यात आला, असे तिथले द्राक्षमळेवाले अभिमानाने सांगतात. मुसलमान भूगोलकाराची साक्ष दारूच्या खटल्यात! इतिहासाला विनोदाचे वावडे नसते.

या गावाच्या दोनच गोष्टी जगभर गेल्या, द्राक्ष आणि घोडा. आणि त्या दोन्ही बहुतेक वेळा एकाच घराण्याच्या हातात राहिल्या. एकाच मालकाचा द्राक्षमळा आणि एकाच मालकाची पागा, हे तिथले जुने वैभवाचे चित्र. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. अंदलुसचा विषय निघाला की आमचे वर्ग भारावून जातात. इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याच्या मशिदीत गेले होते, त्यावरची त्यांची नज्म मुलांना सांगताना आमचाही आवाज जड होतो. पण एकदा एका मुलाने विचारले, "सर, मशीद राहिली, मग माणसे कुठे गेली?" त्या दिवशी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. पुढे आम्ही वाचत गेलो आणि ते उत्तर आम्हाला सापडले ते एका तबेल्याच्या इतिहासात.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. 'सगळे काही आपणच युरोपला दिले' हे सांगण्याची आपल्याला सवय आहे. शरीशच्या परिसरात वेल आणली ती फिनिशियनांनी, मुसलमानांच्या कितीतरी शतके आधी. एल पुएर्तो दे सान्ता मारिया या शेजारच्या बंदराजवळ त्यांच्या वसाहतीचे उत्खनन झाले आहे, तिथे द्राक्षे तुडवण्याची कुंडेही सापडली. घोड्याचेही तेच. इबेरियाचे घोडे रोमन काळातच नावाजलेले होते. इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियादने राजा रॉडरिकचा पराभव केला तो याच भागात, ग्वादालेते नदीच्या आसपास, असे परंपरा मानते. त्या नावातले 'ग्वाद' म्हणजे आपले 'वादी'. तारिकच्या मागून उत्तर आफ्रिकेचे बर्बर आले आणि त्यांचे बर्ब घोडेही आले. अंदलुसी घोड्यात बर्ब किती, अरबी किती आणि मूळचा इबेरियन किती, यावर जाणकार अजून भांडतात. ते भांडण आपण त्यांच्यावरच सोपवू.

मुसलमानांनी काय केले, तर जे होते ते जोपासले, वाढवले आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवले. बाराव्या शतकाच्या अखेरीस इश्बीलियाच्या, म्हणजे सेव्हिलच्या, इब्नुल अव्वामने 'किताबुल फिलाहा' हा शेतीवरचा प्रचंड ग्रंथ लिहिला. तो स्वतः शेतावर प्रयोग करणारा माणूस होता. द्राक्षाची लागवड, छाटणी, कलम, रोग, मनुके वाळवणे, द्राक्षे टिकवणे हे सगळे त्यात आहे. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात घोड्यांची निवड, पैदास, चारा आणि आजार यांवर प्रकरणे आहेत. वेल आणि घोडा एकाच पुस्तकात! १८०२ मध्ये माद्रिदला हा ग्रंथ स्पॅनिश अनुवादासह छापला गेला. पुढे तो फ्रेंचमध्ये आला आणि उर्दूतही आला. मराठीत त्याचा उल्लेखसुद्धा क्वचित आढळतो.

दारूचे काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. तो टाळण्यात अर्थ नाही. हराम म्हणून सांगितलेली दारू अंदलुसमध्ये प्यायली जात होती आणि तिच्यावर कविताही लिहिल्या जात होत्या. इ.स. ९६६ मध्ये खलीफा अल्-हकम दुसरा याने द्राक्षमळे उपटण्याचा हुकूम काढला. तेव्हा शरीशच्या लोकांनी अर्ज केला की, आमच्या द्राक्षांचे मनुके होतात आणि ते फौजेच्या शिधात जातात. त्यामुळे बरेचसे मळे वाचले, अशी कथा तिथे सांगितली जाते. अर्ज कितपत खरा होता हे शेतकऱ्यांनाच ठाऊक! पण मनुका खरा होता. आजही तिथे पेद्रो हिमेनेथ जातीची द्राक्षे काढणीनंतर उन्हात वाळवतात. द्राक्षरस आटवून केलेला दाट पाक शेरीला रंग येण्यासाठी वापरतात, त्याचे नाव 'आरोपे'. हा शब्द अरबी 'अर्-रुब्ब'वरून आला. आपल्या युनानी हकिमांच्या औषधांतला 'रुब' तो हाच.

पागेत शिरले तर अशा शब्दांची रीघच लागते. खराऱ्याला स्पॅनिशमध्ये 'आल्मोआसा' म्हणतात, तो अरबी 'अल्-मिहस्सा'. घोड्याला घालायची लसूणघास म्हणजे 'आल्फाल्फा', तीही अरबीच. घोड्यांच्या वैद्याला जुन्या स्पॅनिशमध्ये 'आल्बेइतार' म्हणत, म्हणजे 'अल्-बैतार'. (उर्दूत त्यालाच 'सालोत्री' म्हणतात आणि तो शब्द संस्कृतातल्या शालिहोत्रावरून आला, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.) स्वाराला 'हिनेते' म्हणतात, ते जनाता या बर्बर टोळीच्या नावावरून. घोड्याच्या शृंगारलेल्या साजाला 'हाएस' म्हणतात, तो अरबी 'जहाज', म्हणजे सामानसुमान. याच शब्दापासून आपला 'जहेज' झाला. तिकडे त्या शब्दाने घोडा सजला, इकडे त्याच शब्दाने मुलींचे बाप कर्जात बुडाले.

आता माणसांकडे येऊ. १२६४ मध्ये कॅस्टिलच्या अंकित असलेल्या मुसलमानांनी बंड केले. राजा अल्फोन्सो दहावा याने ते मोडून शरीश घेतले आणि तिथल्या मुसलमानांना बाहेर घालवले. शरीशींना जाऊन तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. रिकाम्या शहरातली घरे नव्या वसाहतकऱ्यांना वाटण्यात आली. त्या वाटपाची वही, 'लिब्रो देल रेपार्तिमिएन्तो', आजही उपलब्ध आहे. कोणाला कोणते घर मिळाले हे तीत मोहल्ल्यावार लिहिले आहे. काही नोंदींत ते घर आधी कोणत्या मुसलमानाचे होते हेही येते. नव्या मालकाची हद्द पक्की व्हावी म्हणून जुन्या मालकाचे नाव लिहिले गेले, एवढ्याच कारणाने ती नावे उरली.

शहर आता मुसलमानी ग्रनाडाच्या सरहद्दीवर होते. 'दे ला फ्रोन्तेरा' म्हणजे सरहद्दीवरचे. राजाने स्वारांना द्राक्षमळे वाटून दिले. बदल्यात त्यांनी घोडा आणि हत्यार तयार ठेवायचे. मळ्याच्या उत्पन्नावर घोडा पोसायचा आणि घोड्याच्या जोरावर मळा राखायचा. मळा आणि पागा एका मालकाकडे येण्याची रीत अशी लढाईतून पडली. जमिनीचीही तिला साथ होती. 'आल्बारिसा' ही तिथली पांढरी चुनखडीची माती पावसाळी ओल धरून ठेवते. तिच्यात वेल चांगली येते. घोड्यांची कुरणे मात्र नदीकाठच्या सखल भागात.

पंधराव्या शतकात ग्वादालेतेच्या काठी कार्थुसियन संन्याशांचा मठ उभा राहिला. मुस्लिम फौजेवर मिळवलेल्या एका विजयाच्या आठवणीचे नाव त्याला दिले आहे. याच मठात 'कार्तुहानो' घोड्यांची पैदास झाली असे मानले जाते. १४९२ मध्ये ग्रनाडाही पडले. राहिलेल्या मुसलमानांचे सक्तीने धर्मांतर झाले, त्यांना 'मोरिस्को' म्हणू लागले. १६०९ ते १६१४ या काळात त्यांनाही देशाबाहेर काढण्यात आले. सुमारे तीन लाख माणसे. बाप्तिस्मा घेऊनही ती वाचली नाहीत, कारण आता प्रश्न श्रद्धेचा राहिला नव्हता, रक्ताचा झाला होता. टोलेडोने १४४९ मध्येच 'शुद्ध रक्ता'चा पहिला नियम केला होता, तो ज्यू कुळातून ख्रिस्ती झालेल्यांविरुद्ध.

इथे आम्हाला एक शब्दकोश थांबवतो. १६११ मध्ये, म्हणजे हद्दपारी ऐन भरात असताना, कोवार्रुबियास या विद्वानाचा स्पॅनिश भाषेचा कोश निघाला. 'रासा', म्हणजे वंश, या शब्दाचा अर्थ तो आधी घोड्यांवरून सांगतो. चांगल्या जातीचे घोडे, जे ओळखू यावेत म्हणून लोखंडाने डागले जातात. आणि माणसांच्या कुळाबाबत? तिथे हा शब्द वाईट अर्थाने घेतात, म्हणे, जसे कोणात मूर किंवा ज्यू वंशाचा अंश असणे. घोड्याचा वंश म्हणजे किंमत आणि माणसाचा वंश म्हणजे डाग, तेही एकाच नोंदीत. याच भाषांमधला 'कास्ता' हा जनावरांच्या आणि द्राक्षांच्याही जातीला लावायचा शब्द पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर घेऊन आले. आपल्या जातींना त्यांनी तोच लावला आणि इंग्रजांनी त्याचे 'कास्ट' केले.

हे वाचून स्पॅनिश लोकांवर रागावणे सोपे आहे. पण आपल्याकडे स्थळ आले की पहिला प्रश्न कोणता असतो? "हसब-नसब काय?" सय्यद की शेख, खान की बागवान, की अत्तार, पिंजारी? शजरा दाखवणारी घराणी आम्ही पाहिली आहेत. ज्यांच्याकडे शजरा नाही त्यांच्या घरचा चहा न पिणारीही पाहिली आहेत.

मठाच्या घोड्यांचा शजरा मात्र तुटला नाही. नेपोलियनच्या फौजा आल्या, १८३५ मध्ये सरकारने मठ बंद केले, तरी सापाता घराण्याने त्या वाणाच्या घोड्या जपल्या. त्यांना लगामाच्या कडीचा डाग मिळाला. त्यावरून पागेचे नाव पडले 'लगामाच्या कडीचा डाग', स्पॅनिशमध्ये 'हिएर्रो देल बोकादो'. पुढे हा कळप हस्ते परहस्ते रोबेर्तो ओस्बोर्न यांच्याकडे आला आणि १९४९ मध्ये फर्नांदो टेरी यांनी तो घेतला.

टेरी घराण्याची वाइनची कोठारे एल पुएर्तोमध्ये होती. एका घराण्याच्या नावाखाली द्राक्ष आणि घोडा पुन्हा एकत्र आले. पांढऱ्या कार्तुहानो घोड्यावरची स्वार स्त्री १९६० च्या दशकात टेरींच्या ब्रँडीची जाहिरात म्हणून सगळ्या स्पेनला पाठ झाली होती. घोडागाड्यांचा आणि साजांचा, म्हणजे 'हाएस'चा, मोठा संग्रह कोठारात मांडला होता. या जाहिरातींत परंपरा, अस्सलपणा, जुने घराणे असे शब्द असत. टेरी मूळचे आयरिश. आपल्या देशात कॅथलिक म्हणून जगणे अवघड झाले तेव्हा अशी कितीतरी आयरिश कुटुंबे स्पेनच्या दक्षिण बंदरांत येऊन राहिली. ओस्बोर्न इंग्रज, हेरेझचे दोमेक फ्रेंच. धर्मामुळे देश सुटलेल्यांना त्या भूमीने आसरा दिला याचे आम्हाला वाईट वाटत नाही. ते दोन-तीन पिढ्यांत 'जुने घराणे' झाले. ज्यांची पाचशे वर्षे तिथे गेली होती ते बाहेरचे ठरले, एवढेच आमच्या मनात राहते.

१९८१ मध्ये टेरींचा सगळा व्यवहार, कोठारांसह आणि घोड्यांसह, 'रुमासा' या उद्योगसमूहाकडे गेला. २३ फेब्रुवारी १९८३ रोजी स्पेनच्या सरकारने रुमासाच ताब्यात घेतली. कोठारे विकण्यात आली. घोडे विकण्याची सरकारची छाती झाली नाही. हा राष्ट्राचा ठेवा आहे, तो फुटता कामा नये, असे ठरले. १९९० मध्ये त्यांच्यासाठी 'एक्स्पासा' नावाची सरकारी कंपनी स्थापन झाली. टेरींच्या ब्रँडीचे नाव फिरत फिरत २०१६ मध्ये फिलिपाईन्सच्या एका कंपनीकडे गेले.

त्या मुलाला आम्ही आता काय सांगतो? वहीतल्या घरांची गोष्ट सांगतो, मग घोड्यांची. फळ्यावर 'जहाज', 'जहेज', 'हाएस' असे तीन शब्द उर्दूत लिहितो. मुले हसतात. मग कोणीतरी विचारते की, घोड्यांची नोंद इतकी नीट कोणी ठेवली, आणि आम्ही डागाचे चित्र काढून दाखवतो. लगामाची कडी काढायला फार सोपी असते. मठाजवळच्या 'फुएन्ते देल सुएरो' या शेतावर तो डाग असलेल्या घोड्या चरतात. तिथे तिकीट काढून त्यांची कसरत पाहता येते.