ढोलपथके शाळांच्या दारी का जातात?

१/ पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या संघटनांनी बिगुल-ढोलांची पथके उभारली. पुढे चर्च, स्काउट यांच्या आश्रयाने वस्तीतली पोरे त्यांत आली. वादन पथकातच शिकवले जाई. शाळेच्या बँडशी संबंध बेताचाच.

२/ १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. दौरे लांबले, खर्च फुगला, छोटी पथके एकामागून एक मिटली. वस्तीतून येणारे वादक आटले. उरला आधार शाळांच्या बँडचा.

३/ अडसर वाद्यांचाच होता! पथकात ‘जी’ स्वराचा बिगुल, शाळेत ‘बी-फ्लॅट’ ट्रम्पेट. २००० पासून कोणत्याही स्वराच्या पितळी वाद्यांना मुभा मिळाली आणि शाळकरी वादक थेट पथकात येऊ लागला. जुन्या जाणत्यांना हे रुचले नाही. त्यांच्या मते बिगुल गेला तिथेच पथकाचा आवाज गेला.

४/ वयोमर्यादा बाविशीची, म्हणून दरवर्षी जागा रिकाम्या होतात. दौऱ्यावरील पथक शाळेच्या जिममध्ये पथारी पसरते, तिथल्या मुलांची तालीम घेते. शाळेला निष्णात शिक्षक लाभतात. पथकाला मानधन आणि उद्याचे वादक.

५/ मात्र आता सभासदाला एका हंगामासाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. ज्या वस्तीतल्या पोरांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यांच्या आवाक्यात तो राहिलेला नाही.